दोन मोडक्या बोटींची एक झुबियन

झुबियनला जन्मगावं दोन. तिचा नाळेकडचा भाग उत्तर इंग्लंडात टाइन नदीकाठच्या हेबर्नला, हॉथॉर्न लेस्ली कंपनीच्या कारखान्यात बांधला गेला आणि १६ सप्टेंबर १९०९ रोजी पाण्यात उतरला. पिछाडीचा भाग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, साउदॅम्प्टनच्या वूल्स्टन भागात, थॉर्निक्रॉफ्टकडे तयार झाला. तो त्याआधीच, २० एप्रिल १९०९ला पाण्यात आला होता. अर्थात त्या वेळी हे दोन भाग नव्हतेच. दोन अख्ख्या, धडधाकट विनाशिका होत्या. एक झुलू, दुसरी न्युबियन. आठ वर्षांनी, ७ जून १९१७ रोजी, त्या दोघींची मिळून एकच बोट ब्रिटिश आरमारात दाखल झाली. नाव ठेवणाऱ्याने फारसं डोकं शिणवलं नाही. झुलूचं पुढचं अक्षर घेतलं, न्युबियनचं शेपूट घेतलं. बोटही तशीच होती, पुढून झुलू, मागून न्युबियन.

आरमारी इतिहासाच्या पुस्तकांत ही हकिगत बहुधा तळटीपेत सापडते. 'ब्रिटिशांनी एकदा काय गंमत केली' अशा थाटात दोन ओळी, की लगेच जटलंडची लढाई पुढे सुरू. पण या दोन बोटी एकाच सामुद्रधुनीत, बारा दिवसांच्या अंतराने, एक पुढून आणि एक मागून कशा मोडल्या, हे शोधत मागे गेलं तर सगळा धागा त्यांच्या बांधणीतल्या एका खोडीपाशी जातो. ती खोड समजायची तर विनाशिकांचं कूळच थोडं उकलावं लागेल.

हे कूळ धास्तीतून निघालं. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरने फ्यूमे बंदरात (आजचं क्रोएशियातलं रियेका) स्वतःच्या बळावर पाण्याखालून जाणारा टॉर्पेडो करून दाखवला. लाखो पौंडांची चिलखती युद्धनौका एका छोट्या, स्वस्त बोटीने बुडवता येईल, ही शक्यता त्या दिवसापासून आरमारांच्या मानगुटीवर बसली. फ्रेंचांनी टॉर्पेडो बोटींचे तांडे उभारले. ज्यांचं साम्राज्यच मोठ्या जहाजांवर उभं होतं त्या ब्रिटिशांची झोप उडणं साहजिक होतं. १८९२ साली जॅकी फिशर आरमाराचा कंट्रोलर झाला, म्हणजे जहाजं बांधून घेण्याचं खातं त्याच्या हाती आलं. त्याने यॅरो, थॉर्निक्रॉफ्ट अशा वेगवान बोटी बांधणाऱ्या कारखान्यांना सांगितलं, टॉर्पेडो बोटींचा पाठलाग करून त्यांचा निकाल लावील अशी बोट द्या. १८९३ मध्ये यॅरोची हॅवॉक चाचणीला उतरली आणि तिने २६ नॉटच्या आसपास वेग गाठला. या नव्या जातीला 'टॉर्पेडो बोट विनाशिका' म्हणू लागले. तिच्यावर टॉर्पेडोही होतेच, त्यामुळे जुन्या टॉर्पेडो बोटींचं कामही हळूहळू तिनेच गिळलं आणि नावातला पुढचा भाग गळून नुसती विनाशिका उरली.

वेगाची हाव मात्र थांबेना. वेग हवा म्हणजे वजन कमी हवं, म्हणून पत्रा पातळ. या सुरुवातीच्या विनाशिकांचा कितीतरी पत्रा पाव इंचाचाही नव्हता. त्यात चार्ल्स पार्सन्सने वाफेचं टर्बाइन आणलं. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी भरली होती. तिथे पार्सन्सने आपली चिमुकली टर्बिनिया युद्धनौकांच्या रांगांमधून ३० नॉटच्या वर पळवली आणि तिला अडवायला धावलेल्या गस्ती बोटी मागेच राहिल्या. ॲडमिरल्टीने, म्हणजे ब्रिटिश आरमाराच्या मुख्य कचेरीने, मुकाट्याने व्हायपर आणि कोब्रा या दोन टर्बाइन विनाशिका घेतल्या. १९०१ सालच्या दोन महिन्यांत दोन्ही गेल्या. व्हायपर ऑगस्टमध्ये ऑल्डर्नी बेटाजवळ धुक्यात खडकावर चढली. सप्टेंबरमध्ये कोब्रा उत्तर समुद्रात लाटांवर अक्षरशः मधोमध मोडली आणि ६७ माणसं गेली. त्यांत पार्सन्सच्या कारखान्याचे लोकही होते. हे मधोमध मोडणं वाचकाने ध्यानात ठेवावं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

कोब्रानंतर काही वर्षं आरमार शहाण्यासारखं वागलं. साडेपंचवीस नॉटच्या, पण दणकट, खवळलेल्या समुद्रात टिकणाऱ्या 'रिव्हर' जातीच्या विनाशिका बांधल्या. तेवढ्यात १९०४च्या ऑक्टोबरात फिशर फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे आरमाराचा सर्वोच्च अधिकारी झाला. ड्रेडनॉट ही गाजलेली युद्धनौका याच माणसाची. सबुरी हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याने थेट ३६ नॉटची विनाशिका मागितली. घासाघीस होऊन आकडा ३३ वर आला, पण टर्बाइन हवंच आणि कोळसा नको, फक्त तेल, या अटी कायम राहिल्या. तेलाच्या वेडापायी लोक त्याला खुळा म्हणत, आणि पुढे जगभरची आरमारं तेलावरच गेली, तेव्हा त्या वेडात दम होता हे मानलंच पाहिजे. मात्र या पहिल्या तेलखाऊ विनाशिकांना त्याच्या घाईची किंमत मोजावी लागली.

या जातीला 'ट्रायबल' म्हणत. १९०५ ते १९०८च्या दरम्यान सात कारखान्यांना मिळून बारा बोटी सांगितल्या गेल्या. नावं आफ्रिदी, कोसॅक, गुरखा, मोहॉक, टार्टर, ॲमेझॉन, सॅरासन, क्रूसेडर, माओरी, न्युबियन, व्हायकिंग आणि झुलू. ज्यांच्याशी साम्राज्य लढलं, ज्यांना त्याने पलटणीत भरती केलं आणि ज्यांच्याविषयी फक्त पुस्तकांत वाचलं, असे सगळे लोक एका यादीत. मराठे त्यात नाहीत. मराठा नावाची ब्रिटिश विनाशिका दुसऱ्या महायुद्धात झाली आणि १९४४च्या फेब्रुवारीत रशियाकडे जाणाऱ्या एका ताफ्याबरोबर असताना जर्मन पाणबुडीने ती बॅरेंट्स समुद्रात बुडवली.

ॲडमिरल्टीने कारखान्यांना वेग, इंधन आणि तोफा एवढंच सांगितलं. आराखडा ज्याचा त्याने करावा. साहजिकच बारा बहिणींत सारखेपणा औषधालाही सापडेना. कुणाला तीन धुराडी, कुणाला चार, आणि पामर्स कंपनीच्या व्हायकिंगला चक्क सहा. ब्रिटिश आरमारात सहा धुराड्यांची विनाशिका ही एवढीच. टार्टरने चाचणीत ३५ नॉटच्या वर वेग काढला, त्याचं कौतुकही झालं. झुलू आणि न्युबियन सुमारे २८० फूट लांबीच्या, हजार टनांच्या आगेमागे वजनाच्या, दोन चार-इंची तोफा आणि दोन टॉर्पेडो नळ्यांच्या. कागदावर जुळ्याच. प्रत्यक्षात एकीची रुंदी दुसरीपेक्षा साडेतीन इंचांनी वेगळी होती. १९०९ साली या साडेतीन इंचांची कुणाला पर्वा असायचं कारणच नव्हतं.

आता ती खोड. या बोटी तेल पीत, आणि ते साठवायला पोटात जागा थोडी. एक हकिगत नेहमी सांगतात. इंधनाच्या तळापर्यंत जाऊन यायचं म्हणजे जेमतेम तीन मैलांची फेरी. तेवढ्यासाठी वाफ धरायलाच ॲमेझॉन आणि आफ्रिदी यांना प्रत्येकी साडेनऊ टन तेल लागलं. तेल भरून घ्यायला निघायचं आणि निघण्यातच साडेनऊ टन जाळायचं! असल्या बोटी मुख्य आरमाराबरोबर उत्तर समुद्रात लांबवर नेणं शक्यच नव्हतं. तेव्हा १९१४ साली युद्ध पेटल्यावर त्यांना जिथे अंतरंच लहान आहेत अशी जागा दिली, ती म्हणजे डोव्हर.

डोव्हरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी २१ मैल रुंद आहे. फ्रान्सच्या आघाडीवर जाणारं सैन्य, दारूगोळा, घोडे, सुटीवर परतणारे आणि जखमी, या सगळ्यांची वाट इथूनच किंवा इथून जवळून. बेल्जियममधली ऑस्टेंड आणि झेब्रुग्ग ही बंदरं जर्मनांच्या ताब्यात, म्हणजे दुश्मनाच्या विनाशिका आणि पाणबुड्या काही तासांच्या अंतरावर. सामुद्रधुनी अडवायला ब्रिटिशांनी पाण्यात जाळी सोडली आणि सुरुंग पेरले. जाळ्यांची राखण करायला ड्रिफ्टर नावाच्या मासेमारी बोटी ठेवल्या. त्यांवरची माणसं कालपरवापर्यंत हेरिंग पकडणारे कोळी, आणि एखादी लहान तोफ किंवा नुसत्या रायफली हीच त्यांची सगळी शस्त्रसामग्री. या सगळ्या पसाऱ्याला डोव्हर गस्त म्हणत. १९१५च्या एप्रिलपासून तिचा प्रमुख रेजिनाल्ड बेकन होता. ड्रेडनॉटचा पहिला कप्तान तो हाच.

ट्रायबल जातीने इथे झटपट नावही कमावलं आणि झटपट किंमतही मोजली. ४ मार्च १९१५ला व्हायकिंग, माओरी आणि गुरखा यांनी मिळून यू-८ या पाणबुडीला घेरलं. गुरखाने तारेला बांधलेले स्फोटक गोळे पाण्यातून ओढत तिला वर यायला भाग पाडलं. दोन महिन्यांत माओरी झेब्रुग्गजवळ सुरुंगावर गेली. पुढे १९१७च्या फेब्रुवारीत डंजनेसजवळ गुरखाही सुरुंगावर गेली, तेव्हा तिच्यावरची फक्त पाच माणसं वाचली.

न्युबियनची पाळी आली २६ ऑक्टोबर १९१६च्या रात्री. झेब्रुग्गहून वीसहून जास्त जर्मन टॉर्पेडो बोटी अंधारात निघाल्या. जाळ्यांवरच्या ड्रिफ्टरांपाशी त्या वेळी फ्लर्ट नावाची एक जुनी विनाशिका पहाऱ्यावर होती. तिला अंधारातून काही बोटी जाताना दिसल्या. तिने दिव्याने ओळखीची खूण मागितली. समोरून तीच खूण जशीच्या तशी परत आली. डंकर्ककडची आपलीच मंडळी असतील असं समजून फ्लर्टने त्यांना जाऊ दिलं. थोड्याच वेळात ड्रिफ्टरांवर तोफा सुरू झाल्या. एका ड्रिफ्टरवरची माणसं वाचवायला फ्लर्टने शोधदिवा लावला आणि एक छोटी होडी खाली सोडली. दिव्याने ती स्वतःच उजेडात आली. जर्मन बोटी परत फिरल्या आणि जवळून मारा करून त्यांनी तिला बुडवलं. फ्लर्टवरचे जे वाचले ते त्या होडीतले.

त्याच रात्री बूलॉनहून रिकामी परत येणारी 'द क्वीन' ही वाहतुकीची आगबोट जर्मनांनी गाठली आणि बुडवली. इंग्लिश चॅनेल ओलांडणारी पहिली टर्बाइन प्रवासी बोट तीच, १९०३ सालची.

डोव्हर बंदरात सहा ट्रायबल विनाशिका तयार उभ्या होत्या. बेकनने त्यांना बाहेर काढलं, पण त्या एकत्र निघाल्या नाहीत, आणि माझ्या मते त्या रात्रीची खरी चूक हीच. न्युबियन बाकीच्यांना मागे टाकून एकटीच पुढे गेली. कमांडर मॉन्टेग्यू बर्नार्ड तिच्यावर होता. वाटेत जर्मन तांड्याशी तिची गाठ पडली. तोफांचा मारा झाला आणि पाठोपाठ एक टॉर्पेडो नेमका ब्रिजखाली, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या जागेखाली, बसला. नाळेकडचा सगळा भाग गेला. मागून एकेक करत आलेल्या ॲमेझॉन आणि मोहॉकलाही गोळे लागले. सहा ड्रिफ्टर बुडाल्या. जर्मनांची एकही बोट बुडाली नाही.

न्युबियनचं उरलेलं धड मात्र तरंगत राहिलं. तिला ओढून बंदरात आणायचा प्रयत्न झाला. वारा वाढला, ओढणीचा दोर तुटला आणि ती साउथ फोरलँडच्या पांढऱ्या कड्यांखाली किनाऱ्याला लागली. हा पट्टा शांततेतही जहाजांना सोसत नाही. समोरच गुडविनची वाळू आहे. मराठा नावाचं एक मालवाहू जहाज १९०९ साली तिथे रुतून मोडलं, आणि तीस वर्षांनी त्याच कंपनीचं त्याच नावाचं दुसरं जहाजही त्याच वाळूत गेलं. न्युबियनचं नशीब त्या मानाने बरं. ती किनाऱ्यावर होती, तिला काढता येणार होतं, आणि मुख्य म्हणजे तिची टर्बाइनं धड होती.

बारा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, डंकर्कजवळ झुलू सुरुंगावर गेली. इथे स्फोट इंजिनघराखाली झाला आणि पिछाडी तुटून बुडाली. पुढचा भाग, त्यावरचा ब्रिज आणि पुढची तोफ यांच्यासह, कॅलेला ओढत नेला. झुलूबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. गस्त घालता घालता सुरुंगावर गेली, डोव्हरच्या बोटींचं ते रोजचंच मरण होतं.

आता ॲडमिरल्टीसमोर दोन अर्धी धडं होती. एकीला डोकं नाही, दुसरीला पाय नाहीत. साधारण काळ असता तर दोन्ही भंगारात विकून नवीन विनाशिका सांगितली असती. पण १९१६ संपत आलं होतं. जटलंडमध्ये आठ ब्रिटिश विनाशिका बुडाल्या होत्या. पाणबुड्यांचा जोर दर महिन्याला वाढत होता आणि पाणबुडीला पळवून लावू शकेल अशी एकच जात हाताशी होती. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांवरचे सगळे निर्बंध उठवले. एप्रिलमध्ये एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. अशा वेळी विनाशिका सजवलेली आहे की ठिगळाची, हे कोण पाहणार?

विनाशिकेचा जास्तीत जास्त पैसा आणि वेळ तिच्या यंत्रांत जातो. न्युबियनच्या पिछाडीत ती यंत्रं शाबूत होती. तिला फक्त नाळ आणि ब्रिज हवा होता, आणि तो तयार, ट्रायबल मापाचा, झुलूच्या रूपाने पडून होता. नवीन नाळ बांधता आली असतीच. तशी उदाहरणं होती. १९०७च्या मार्चमध्ये व्हाइट स्टार कंपनीची स्यूविक ही मोठी आगबोट कॉर्नवॉलच्या लिझर्ड टोकापाशी खडकावर अडकली, तेव्हा सुरुंगाने नाळ तोडून मागचं धड साउदॅम्प्टनला आणलं होतं. नवी नाळ बेलफास्टला बांधून, समुद्रातून ओढत आणून, साउदॅम्प्टनमध्येच जोडली. ते काम १९०८ सालच्या सुरुवातीला पुरं झालं, आणि त्याच शहरात त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्युबियनचा कणा घातला गेला. म्हणजे मोडकी बोट जोडता येते हे आरमाराला नव्याने कळायचं नव्हतं. फरक एवढाच की स्यूविकची नाळ तिच्याच मूळ मापाने बनवलेली होती. इथे दोन्ही तुकडे जुने आणि दोन वेगळ्या कारखान्यांचे.

दोन्ही तुकडे मेडवे नदीवरच्या चॅटमला आणले. नेल्सनची व्हिक्टरी जिथे बांधली तीच ही गोदी. अशा कामाचा क्रम कुठल्याही सुक्या गोदीत साधारण सारखाच असतो. दोन्ही तुकडे आधारांवर घेऊन त्यांचे कणे एका रेषेत आणायचे. पिचलेला, वाकलेला पत्रा धड लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा. मग सांगाड्याच्या बरगड्या जुळवायच्या, पत्र्यावर पत्रा चढवायचा, भोकं पाडायची आणि तापवून लाल केलेलं रिबिट आत घालून दोन्हीकडून ठोकायचं. वेल्डिंगचा जमाना यायचा होता. जहाजाचा प्रत्येक सांधा म्हणजे हजारो रिबिटं, आणि प्रत्येक रिबिट हाताने किंवा हवेच्या हातोड्याने बसवलेलं.

इथे ते साडेतीन इंच आडवे आले. सुमारे नऊ सेंटिमीटर. ऐकायला क्षुल्लक, पण पाण्यातून ३० नॉटने जाणाऱ्या बोटीच्या अंगावर एवढी पायरी चालत नाही. ती काही फुटांच्या लांबीत मुरवावी लागते. पत्रे किंचित निमुळते घ्यावे लागतात, बरगड्या थोड्या थोड्या वळवून घ्याव्या लागतात. त्यातून सांधा आला तो कुठे, तर बोटीच्या मधल्या भागात. लाटेच्या माथ्यावर बोट पोटावर तोलली जाते तेव्हा दोन्ही टोकं खाली ओढतात. दोन लाटांमध्ये अडकली की पोट खाली जातं. दोन्ही वेळा सगळा ताण मध्यावर. कोब्रा इथेच मोडली होती. महाभारतातल्या जरासंधालाही जरा राक्षसिणीने दोन फाळ्यांतून असंच जोडलं होतं, आणि त्याचा शेवट त्या सांध्यावरच झाला. चॅटमच्या कारागिरांना ही कथा ठाऊक असायचं कारण नाही, कोब्राची नक्की ठाऊक असणार.

सांध्यावरून नुसता पत्रा जात नव्हता. ब्रिज झुलूचा, सुकाणू आणि टर्बाइनं न्युबियनची. म्हणजे ब्रिजवर चाक फिरवलं की त्याची हालचाल सांधा ओलांडून मागच्या सुकाणूपर्यंत पोचली पाहिजे. 'पूर्ण वेग पुढे' असा हुकूम एका बोटीतून निघणार आणि दुसऱ्या बोटीच्या इंजिनघरात वाजणार. पाण्याचे आणि तेलाचे नळ, बोलायच्या नळ्या, विजेच्या तारा, सगळ्यांचं तेच. दोन कारखान्यांच्या दोन सवयी. एकाने नळ डाव्या अंगाने नेला असेल तर दुसऱ्याने उजव्या. बाहेरून दिसणारा सांधा बसवण्यापेक्षा हे आतलं काम जास्त किचकट झालं असेल, असं माझं मत. गोदीत काम केलेल्या कुणालाही विचारा, तोही हेच सांगेल. नोव्हेंबर ते जून, म्हणजे सात महिन्यांत, त्यांनी ते उरकलं. ज्या बारा बहिणींना एकसारखं बांधायची तसदी कुणी घेतली नव्हती, त्यांतल्या दोघी शेवटी एकमेकींत बसल्या.

झुबियन परत गेली ती डोव्हरलाच. दुसरीकडे कुठे जाणार? तेलाची भूक न्युबियनच्या बॉयलरांबरोबर तशीच आली होती. मात्र आता तिच्याकडे १९१४ साली कुणाकडेच नसलेलं एक हत्यार होतं, खोलावर जाऊन फुटणारे बॉम्ब. पाणबुडी दिसली की तिच्या अंदाजाने ते पिंप पिछाडीवरून पाण्यात लोटायचं. ठरावीक खोलीला ते आपोआप फुटतं. १९१७च्या अखेरीस फोकस्टनपासून फ्रेंच किनाऱ्यावरच्या ग्री-ने टोकापर्यंत खोल सुरुंगांचा पट्टा पसरला होता आणि त्यावर रात्रभर मशाली आणि शोधदिवे पेटते ठेवत. उजेड टाळायला पाणबुडीने बुडी मारली की ती सुरुंगांत शिरणार. सापळा उत्तम होता. मात्र उजेड धरून उभ्या राहिलेल्या छोट्या बोटी दुश्मनाला दुरूनही स्पष्ट दिसत.

४ फेब्रुवारी १९१८ला डंजनेसच्या बाजूला झुबियनने एका पाणबुडीवर बॉम्ब टाकले. यूसी-५० ही सुरुंग पेरणारी पाणबुडी त्या हल्ल्यात बुडाल्याची नोंद झाली आणि ती झुबियनच्या नावावर लागली. दहा दिवसांनी, १४ फेब्रुवारीच्या रात्री, जर्मन बोटी पुन्हा सामुद्रधुनीत शिरल्या. १९१६चीच पुनरावृत्ती. पूर्वेकडच्या गस्तीवर टर्मागंट, मेल्पोमीन, झुबियन आणि ॲमेझॉन अशा चार विनाशिका एका रांगेत होत्या. शेवटच्या ॲमेझॉनला मागून जाणाऱ्या तीन बोटी दिसल्या. तिने ओळखीची खूण मागितली, उत्तर आलं नाही, आणि तरीही त्या आपल्याच असतील असं धरलं गेलं. सात ड्रिफ्टर आणि एक ट्रॉलर बुडाली. सव्वा वर्षात बॉम्ब बदलले, सुरुंग बदलले, जानेवारीत बेकनच्या जागी रॉजर कीज आला, पण अंधारातली बोट आपली की परकी या प्रश्नाचं उत्तर डोव्हरकडे अजूनही नव्हतं. २३ एप्रिलला झेब्रुग्ग आणि ऑस्टेंडची तोंडं जुनी जहाजं बुडवून बंद करायचा प्रसिद्ध प्रयत्न झाला. त्यात ऑस्टेंडच्या बाजूला झुबियन होती. चॅटमचा सांधा शेवटपर्यंत टिकला.

युद्ध संपल्यावर तेलखाऊ बोटी कुणालाच नको होत्या. उरलेल्या सगळ्या ट्रायबल १९१९ ते १९२१ या काळात मोडीत निघाल्या. झुबियन १९१९च्या डिसेंबरात भंगारात विकली गेली.

नावं मात्र ॲडमिरल्टीने जपली. १९३०च्या दशकात नव्या ट्रायबल जातीत झुलू, न्युबियन, माओरी, कोसॅक, मोहॉक पुन्हा आल्या आणि साठच्या दशकातल्या फ्रिगेटांत त्यांतली काही तिसऱ्यांदा. झुबियन हे नाव परत कुणाला दिलं नाही. जोडकाम मात्र चालू राहिलं. १९४४ साली अमेरिकनांनी मेंजेस या आपल्या लढाऊ बोटीला होल्डर नावाच्या दुसऱ्या बोटीची पिछाडी जोडून दिली. उलट प्रकारही घडला. १९४२च्या डिसेंबरात टॉर्पेडो लागलेली पोर्क्युपाइन ही ब्रिटिश विनाशिका दुरुस्त होईना, म्हणून तिचे दोन तुकडे केले आणि खलाशांनी पुढच्याला 'पोर्क', मागच्याला 'पाइन' म्हणायला सुरुवात केली.

दुसरी झुलू सप्टेंबर १९४२ मध्ये तोब्रुकच्या मोहिमेत बुडाली. दुसरी न्युबियन पहिलीसारखीच वूल्स्टनला थॉर्निक्रॉफ्टकडे बांधली होती. २६ मे १९४१ला क्रीटजवळ बॉम्बने तिची पिछाडी उडवली. सुकाणू नाही, तरी नुसत्या इंजिनांच्या जोरावर दिशा धरत ती अलेक्झांड्रियाला पोचली. या वेळी चॅटम फार लांब होतं आणि जोडायला दुसरी मोडकी बहीणही हाताशी नव्हती. तिला मुंबईला आणलं. मुंबईच्या गोदीत तिला नवी पिछाडी बसली आणि १९४२ साल संपायच्या आत ती पुन्हा भूमध्य समुद्राकडे गेली. पुढच्या वर्षी सिसिली आणि सालेर्नोला सैन्य उतरलं तेव्हा त्या मुंबईच्या शेपटीनिशी ती तिथे हजर होती, आणि मोडीत निघाली ती थेट १९४९ साली.